आधी वरचं बूच

सकाळी आप्पांनी म्हशीला नदीपर्यंत एक चक्कर मारून आणलं आणि अंगणातल्या मोठ्या झाडाखाली उभं केलं. म्हैस म्हणजे घरची गाडी. काळी, बोजड, चारही चाकांना जोर असलेली, वयानं त्यांच्या लेकीपेक्षा मोठी. पाणी दिसलं की आत शिरल्याशिवाय हिचा जीव शांत होत नाही, असं लेक लहानपणी म्हणाली होती, आणि तेव्हापासून गाडीला घरात कुणी गाडी म्हटलं नाही. चक्कर मारायची ती तेल तापावं म्हणून. गिअरचं तेल थंड असलं की जुन्या मधासारखं बुडाला धरून बसतं. बूच काढा आणि वाट बघत राहा, थेंब थेंब करत अख्खा दिवस खातं. तापलं की कसं धार धरून येतं.

आप्पांचा धंदा मधाचा. परसात मधमाश्यांच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. खालचा फुलोरा संपला की दर वर्षी त्या गाडीत घालून नदीपलीकडच्या डोंगरावर न्यायच्या, कारण तिकडे फुलं उशिरा येतात. यंदा खालचा फुलोरा धड आलाच नाही. गरम वाऱ्यानं कळ्या उघडायच्या आत करपल्या. पेट्या उचलल्या तर हाताला हलक्या लागत होत्या, आणि आप्पांची बायको, जिला सगळे माई म्हणत, ती रोज संध्याकाळी साखरेचं पाणी ताटल्यांत घालून पेट्यांपुढे ठेवत होती. माश्या त्यावर तुटून पडायच्या. त्यांचा आवाजसुद्धा यंदा बारीक झाला होता, रडून दमलेल्या लेकरासारखा. डोंगर मात्र वरच्या अंगाला जांभळा दिसायला लागला होता. उद्या पहाटे पेट्या निघायलाच हव्यात ह्यात कुणाचं दुमत नव्हतं. दुमत होतं ते गाडी कोण चालवणार ह्यावर.

आप्पांची लेक शहरात बस चालवते. एकुलती एक, पण तिला म्हणतात थोरली. धाकटी होईल ह्या आशेनं म्हणायला लागले. धाकटी झाली नाही, नाव तसंच राहिलं. थोरलीचं म्हणणं, आप्पांनी आता चाकामागे बसू नये. मागच्या थंडीत बाजारातून येताना आप्पा घराचा फाटा सोडून जुन्या खाणीच्या रस्त्याला लागले होते. खाणीच्या काठाशी गाडी उभी, इंजिन चालू आणि आप्पा आत शांत बसलेले, असे ते एका मेंढपाळाला सापडले. उजेड फार छान पडला होता, तो बघत बसलो, असं त्यांनी घरी सांगितलं. थोरली फोनवर बोलायचं ते सगळं बोलली. पुष्कळ वादावादी झाली, आणि शेवटी बापलेकीत एक करार ठरला. डोंगरावर जाण्याआधी दर वर्षी आप्पा गाडीचं चारही ठिकाणचं तेल बदलतात. ते यंदाही त्यांनी एकट्यानं बदलायचं, माईनं फक्त ओतायचं. थोरली रजा काढून संध्याकाळच्या बसनं येणार आणि स्वतः खाली शिरून बघणार. सगळं नीट असेल तर पेट्या आप्पा नेणार आणि तो विषय पुन्हा घरात निघणार नाही. चूक निघाली तर किल्ली थोरलीकडे, कायमची.

“झोपेतसुद्धा करीन,” आप्पा म्हणाले होते, आणि त्यांनी फोन ठेवून दिला होता.

चार ठिकाणं म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसाच्या मधोमध फुगलेले दोन गोळे, मोठा गिअरबॉक्स, आणि त्याला चिकटून बसलेला छोटा, जो पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देतो. प्रत्येकाला दोन बुचं. खालचं काढलं की जुनं तेल सांडतं, वरच्यातून नवं भरायचं. ह्यात शिकण्यासारखं एकच होतं, आणि ते आप्पांनी थोरलीला ती दुधाच्या दातांची असल्यापासून कान धरून शिकवलं होतं. आधी वरचं बूच. वरचं सैल होतंय ह्याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. कारण वरची बुचं वर्षभर चिखलपाणी खाऊन हटून बसतात. खालून सगळं सांडून मोकळे झालात आणि वरचं निघालंच नाही, तर रिकाम्या पोटाची गाडी अंगणात उभी आणि तिच्याशेजारी तुम्ही.

आप्पांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, गोणपाट पसरलं आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. जाताना कंबरेनं एकदा तक्रार केली. तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. खाली एक वेगळंच जग होतं, सावलीचं, गार, आणि त्यात वरून तापलेल्या लोखंडाची ऊब. निवत चाललेलं इंजिन मधूनच टिक टिक करत होतं. मागच्या गोळ्याच्या वरच्या बुचाला त्यांनी पाना लावला, तळहाताच्या टाचेनं एक दणका दिला. बूच कट् करून हललं. मग खालचं. घमेल्यात काळसर सोनेरी धार पडायला लागली आणि गिअरच्या तेलाचा तो उग्र, कुजक्या अंड्याकडे झुकणारा वास सगळीकडे पसरला. माईला तो इतक्या वर्षांत सोसला नव्हता. आप्पांना मनापासून आवडायचा, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं.

खालच्या बुचाच्या टोकाला लोहचुंबक होता. त्यावर वर्षभरात झिजलेल्या लोखंडाचं काळं लोणी जमलेलं. आप्पांनी ते अंगठ्यावर घेतलं, बोटानं चोळलं. मऊ लागलं. कुठे टोचलं नाही, म्हणजे आतल्या चक्रांचे दात शाबूत. त्यांनी बूच पुसून परत बसवलं आणि बाहेर हाक मारली.

माई नरसाळं आणि रबरी नळी घेऊन आली. ही तिची जुनी जागा. नळीचं टोक आप्पांच्या हातात, नरसाळं माईच्या. तेल वरच्या भोकाच्या काठाला आलं की आपणहून बाहेर ओघळतं, तेव्हा आप्पांनी बास म्हणायचं आणि माईनं थांबायचं. माई थांबायचीच, पण वेळेवर कधी नाही. नळीत राहिलेली एक धार आप्पांच्या कपाळावर यायचीच यायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आली तेव्हा ते भडकले होते. आता आली नसती तर काहीतरी चुकलंय असं वाटलं असतं.

“बास,” आप्पा म्हणाले. धार कपाळावर पडली. “बास म्हटलं की बास करत जा.”

“बास जरा आधी म्हणत जा,” माई म्हणाली.

पुढचा गोळाही असाच झाला. आधी वरचं, मग खालचं, मग धार, मग लोणी, मग माई, मग कपाळ. आप्पांचे हात आपापले चालले होते आणि आप्पा त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे कौतुकानं बघत होते. लहान पाना हवा असला की हात उजवीकडे जायचा आणि पाना तिथे असायचाच. आपण उगाच घाबरलो होतो, असं त्यांच्या मनात आलं. घाबरलो होतो हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं ते आज पहिल्यांदाच, आणि तेही भीती गेल्यावर.

रस्त्यानं खालच्या घराचा गवंडी थापी खांद्यावरच्या पिशवीत टाकून चालला होता. गाडीखालून फक्त आप्पांचे पाय दिसत होते.

“काय आप्पा, म्हैस व्याली का?” त्यानं विचारलं.

आप्पांनी आतून सांगितलं, वेळ आहे अजून, आणि पायानंच त्याला पुढे जा म्हणून खूण केली. गवंडी हसत गेला. माई नवं तेल आणायला घरात गेली, तिकडे तिला काही काम निघालं. अंगण शांत झालं. आप्पांनी छोट्या गिअरबॉक्सचं वरचं बूच सैल केलं, खालचं काढलं, आणि धारेकडे बघत पडून राहिले.

दुपार माथ्यावर आली होती. पानांतून गळणारा उजेड जमिनीवर हलत होता आणि धारेतही हलत होता. धार बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली तरी तुटेना. परसातून माश्यांचा आवाज येत होता, आता तो रडल्यासारखा नव्हता, लांबून कुणीतरी एकच सूर धरून बसल्यासारखा होता. आप्पांनी डोळे मिटले नाहीत. पण डोळ्यांपुढे नदी आली. नदीला पूल नाही, उतार आहे, गोट्यांचा, आणि त्या उतारात म्हैस छातीपर्यंत शिरली आहे. मांडीवर इवलीशी थोरली, तिचे दोन्ही हात चाकावर, आपण चालवतोय असा तिचा ठाम समज. शेजारी माई, चपला भिजू नयेत म्हणून मांडीवर घेतलेल्या. दाराखालून पाणी आत येतंय आणि तिघांनाही हसू आवरत नाही. मग पाणी नाही, खाण आहे. खाणीच्या पिवळ्या भिंतीवर संध्याकाळचा उजेड. तो खरंच फार छान होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण उजेड दिसला तो नंतर. आधी रस्ता उसवला. म्हणजे शिवण सुटावी तसा. पुढचं वळण ह्या वळणाला जोडलेलं राहिलंच नाही, आणि आपण कुठून आलो नि कुठे निघालो हे आप्पांना कुठेही सापडेना. म्हणून ते थांबले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

माईनं दारातून हाक दिली तशी ते भानावर आले. छोट्यात तेल भरून झालं, कपाळावर धार पडली, माईनं घमेलं रिकामं करून परत सरकवलं आणि ती पुढचा डबा फोडायला गेली. आता मोठा गिअरबॉक्स, शेवटचा. नदी अजून डोळ्यांपुढून गेली नव्हती. आप्पांचा हात उठला, बुचाला पाना लागला, एक दणका, आणि बूच सुरेख सैल झालं. तेल धो धो आलं. सगळं घमेल्यात उतरलं. आप्पांनी लोणी चोळून बघितलं, बूच पुसून घट्ट बसवलं, आणि नळीसाठी जागा करायला पाना वरच्या बुचाला लावला.

बूच हललं नाही.

त्यांनी आणखी एक दणका दिला. मग पाना काढला, परत लावला. मग ते एकदम थांबले. खालचं आधी उघडलं होतं. वरच्याला हातही न लावता. आयुष्यभरात जे एकदाही केलं नव्हतं ते आज केलं होतं, आणि करताना कळलंसुद्धा नव्हतं.

पुढचा काही वेळ आप्पांनी जे केलं ते बघण्यासारखं नव्हतं. रॉकेल ओतलं. हातोडी घेतली. पान्याच्या दांडीवर लांब पाइप चढवून त्याला लोंबकळले. गेल्या वर्षी हे बूच इतकं आवळलं कुणी? दुसरं कोण, त्यांनीच. पाना सटकला आणि बोटांची सालटं निघाली. बुचाचे कोपरे झिजून गोल झाले, कडा चांदीसारख्या चमकायला लागल्या. घाम डोळ्यांत गेला, तेलही गेलं. गवंडी तेवढ्यात काम आटोपून परत फिरला होता. त्यानं ठोकाठोक ऐकली, वाकून बघितलं, आणि ह्या वेळी त्याला विनोद सुचला नाही. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, थोरलीला फोन करू का? त्याच्या आवाजातली ती माया आप्पांना हातोडीपेक्षा जोरात लागली. त्यांनी पाना पुन्हा बुचाला लावला. गवंडी थोडा वेळ घोटाळला आणि निघून गेला.

माई डबा घेऊन आली. तिनं घमेलं बघितलं. भरलेलं. मग ती गुडघ्यांवर बसली, तिचेही गुडघे वाजले, आणि तिनं खाली डोकावून बघितलं. पाना पडलेला, पाइप पडलेला, आप्पा पाठीवर, दोन्ही हात छातीवर. त्या बुचाची चमकणारी कड तिला दिसली. इतकी वर्षं नरसाळं धरलेली बाई, तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

“आधी खालचं?” तिनं विचारलं.

आप्पांनी मान हलवली. त्यांना रडू येत होतं आणि पाठीवर पडलं की रडू कानात जातं.

साखरेच्या पाण्यावर माश्यांचे किती दिवस निघतील हा हिशेब माईच्याही डोक्यात असणार. पण तोंडानं ती भलतंच बोलली. म्हणाली, तो गिअरचा दांडा एकदा तुमच्या हातात आला होता बघा. नदीच्या मधोमध. बदलायला गेलात आणि मुळासकट उपटून हातात. तुम्ही तो गदेसारखा धरून बसलात आणि मला हसू आवरेना. खाली भोक पडलं होतं, त्यात मी वाकून बघितलं.

“आत तेल दिसत होतं,” माई म्हणाली. “काजळासारखं चमकत होतं. तिथूनच आत गेलं तर नाही का चालणार?”

आप्पांनी विचारलं, हे कधी झालं? माई म्हणाली, थोरली पोटात होती तेव्हा. आप्पांनी आठवायचा फार प्रयत्न केला. नदी आठवली, हसू आठवलं, दांडा काही आठवला नाही. बूच अडलं त्याच्यापेक्षा ह्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. पण दांडा आला असेल तर खाली भोक असणारच. आणि माई म्हणतेय म्हणजे आला होता.

ते बाहेर सरकले. गाडीत चढून दांड्याच्या बुडाची रबरी टोपी वर केली, माईनं ओल्या फडक्यानं आजूबाजूची धूळ कणकण टिपून घेतली, एक खडा आत पडला असता तर दातांचं मातेरं झालं असतं. टोपीखाली कडं होतं. ते दाबून फिरवायचं हे आप्पांना माहीत नव्हतं, त्यांच्या हातांना माहीत होतं. कडं सुटलं, आतल्या स्प्रिंगनं दांडा वर ढकलला, आणि गाडीच्या पोटात उघडणारं काळं भोक दिसलं. घमेल्यातलं जुनं तेल त्यांनी मधाच्या बरण्यांनी मोजलं आणि जितक्या बरण्या निघाल्या तितक्याच नव्या ओतल्या, वर ओंजळभर जास्त. दोघंही भोकाभोवती वाकलेली, डोक्याला डोकं लागलेलं. ह्या वेळी बास म्हणायला खाली कुणी नव्हतं. माईनं आपणहून थांबवलं, आणि नरसाळ्यातला शेवटचा थेंब बोटावर घेऊन आप्पांच्या कपाळाला लावला. आप्पांना हसावं की काय करावं कळेना.

दांडा बसला. गिअर पडले. आप्पा हात पुसत होते तेव्हा माई पाठीवर झोपून, सगळे कपडे मातीत घालत, गाडीखाली शिरली. आयुष्यात पहिल्यांदा. मूठभर ओली माती तिनं त्या चमकणाऱ्या बुचावर थापली, बोटांनी सारखी केली आणि बाहेर आली.

थोरली आली ती उन्हं उतरल्यावर. अंगावर अजून बसवाल्यांचा गणवेश, हातात पिशवी. तिनं आईच्या गालाला हात लावला, बापाच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं, आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, बघते. कराराची माणसं होती ती. गोणपाटावर पडून ती आत सरकली. मागच्या गोळ्याचं वरचं बूच काढून करंगळी घातली. तेल पहिल्या पेराला लागलं. पुढच्याचंही. छोट्याचंही. आप्पा बाहेर उभे राहून तिच्या बुटांकडे बघत होते. बूट मोठ्या गिअरबॉक्सच्या दिशेनं वळले.

“अगं, अंधार पडेल,” माई म्हणाली. “माश्या आत शिरल्यात सगळ्या. पेट्यांची तोंडं बंद करायचीत. ये बाहेर.”

बूट थांबले. थोरली बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख मुळीच नव्हतं, उलट कसलं तरी ओझं उतरल्यासारखं होतं. चौथा काय बघायचा, ती म्हणाली. ज्यानं मला शिकवलं त्याचं मी तपासतेय, मलाच लाज वाटतेय. उद्या पेट्या तुम्हीच न्या, आप्पा.

आप्पा जिंकले. तिघांनी मिळून पेट्यांच्या तोंडांना ओली फडकी लावली आणि एकेक पेटी उचलून गाडीत रचली. फडक्याआडून माश्या गुणगुणत होत्या आणि लाकडातून ती गुणगुण तळहातांत येत होती. आप्पांना वाटलं, आता काही बोलायची गरज नाही. उद्या नदी, मग चढ, मग जांभळा उतार. रस्ता तर पाठ आहे. पुढचं वळण ह्या वळणाला जोडलेलं आहे. मग ते एकेक वळण मनात घेत गेले, आणि डोंगरातल्या छोट्या देवळाच्या पुढे, जिथे चढ दरीच्या अगदी काठानं जातो, तिथे येऊन थांबले. त्या वळणानंतर काय आहे? होतं काहीतरी. शेजारच्या सीटवर माई मात्र त्यांना स्पष्ट दिसत होती, चपला मांडीवर घेऊन बसलेली.

हात धुवायला ते मोरीशी गेले. थोरली तांब्यानं पाणी घालत होती. तेलाचे हात साबणाला दाद देत नव्हते.

“चौथ्याचं मी आधी खालचं उघडलं,” आप्पा म्हणाले.

थोरलीनं पाणी घालणं थांबवलं नाही. तांब्या रिकामा झाला तरी तो तिनं तसाच वाकडा धरून ठेवला होता. हे वाक्य घराबाहेरच्या कुणाला काही सांगणार नाही, पण तिला सगळं सांगत होतं. करार केला तेव्हा तिला जिंकायचं होतं. आता ती मनातल्या मनात म्हणत होती, नका बोलू आप्पा, नका.

आप्पा बोलत राहिले. वरचं निघालं नाही, दांड्याच्या भोकातून भरलं, ते तुझ्या आईला सुचलं. आणि खाणीपाशी मी उजेड बघत नव्हतो. म्हणजे बघत होतो, पण नंतर. आधी मला रस्ता सापडत नव्हता.

चुलीपाशी माईनं हातातलं भांडं आदळलं. एवढं सगळं मी केलं, ती म्हणाली, मातीत लोळले, ते कशासाठी? घरातल्या घरात झाकलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? तिचा आवाज चिरका झाला होता. ती खरंच चिडली होती, आणि घाबरली होती त्याहून जास्त.

आप्पांनी खुंटीवरची किल्ली काढली. थोरलीचा हात ओलाच होता. तो उघडून त्यांनी किल्ली आत ठेवली आणि बोटं मिटली.

“शेजारी तू बसलेली असतेस ना,” ते माईला म्हणाले.

माईनं पदरात तोंड घातलं. त्या रात्री जेवायला तिघंही बसली, पण ताटांत बरंचसं तसंच उरलं.

पहाटे निघाले. थोरली चाकामागे, मधे माई, दांड्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे करून, आणि कडेला आप्पा. त्या बाजूला आप्पा कधी बसले नव्हते. दार आतून कुठून उघडतं हे शोधावं लागलं. नव्या तेलानं गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत होते. थोरली म्हणाली, काय गोड चाललीय हो, आणि आप्पांना बरं वाटलं. मागे पेट्या गुणगुणत होत्या. धुकं नदीवर बसलेलं होतं आणि त्याच्यावर, आभाळात टांगल्यासारखा, डोंगराचा जांभळा भाग.

उताराशी थोरलीनं गाडी थांबवली. पाण्यात उतरण्याआधी खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली फिरकी हातानं फिरवावी लागते, तेव्हा कुठे चारही चाकं ओढायला लागतात. थोरली स्वतः उतरली असती. ती उतरली नाही. इंजिन चालू ठेवून ती आप्पांकडे बघून म्हणाली, तुम्ही करता का? आप्पा उतरले. त्यांच्या बाजूची फिरकी गार होती, दवानं ओली. त्यांनी ती फिरवली, खट् झालं. मग ते गाडीच्या पुढून पलीकडे निघाले. गोट्यांवरून पाणी वाहत होतं. धुक्यातून पलीकडचा काठ दिसत होता, जात होता, पुन्हा दिसत होता. पाणी एकच सूर धरून होतं आणि पेट्यांमधून तोच सूर येत होता. किती वेळ गेला कळलं नाही. आप्पा गाडीच्या नाकापुढे उभे होते, हात ओला होता, आणि ते जात होते की परत येत होते हे त्यांना सांगता येईना.

त्यांनी काचेतून आत बघितलं. थोरली दोन्ही हात चाकावर ठेवून सरळ पलीकडच्या काठाकडे बघत होती. तिला कळलं होतं. आणि ती बघणार नव्हती. आप्पांना तिच्यासाठी भरून आलं.

“थोरलीच्या बाजूची राहिली,” उघड्या दारातून माई म्हणाली. मीठ राहिलं म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

आप्पा त्या बाजूला गेले, फिरकी फिरवली, खट् झालं. परत येऊन ते बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

“झालं?” थोरलीनं विचारलं.

“झालं.”

म्हैस पाण्यात उतरली. माईनं चपला काढून मांडीवर घेतल्या. पाणी चाकांवर चढलं, दारापर्यंत आलं, आणि आप्पांनी खिडकीतून हात खाली सोडून ते बोटांवरून वाहू दिलं. ह्या नदीतून ते जन्मभर गाडी नेत आले होते, पण पाण्याला हात कधी लावला नव्हता. दोन्ही हात चाकावर असायचे.